रशच्या पलीकडचा कॅनडा: सत्तरच्या दशकातले बाजूला राहिलेले प्रोग अल्बम

कॅनडाचा प्रोग्रेसिव्ह रॉक, थोडक्यात प्रोग, म्हटलं की एकच नाव पुढे येतं, रश. त्यात गैर काहीच नाही. टोरोंटोच्या या तिघांचा '२११२' हा अल्बम आजही तितकाच ताकदीचा वाटतो. पण तो ज्या वर्षी आला, त्याच १९७६ साली एकट्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातून 'लेप्ताद', 'स्टाडाकोने', 'पोलन', 'कॉन्त्र-कुरां', 'एत सेतेरा' आणि 'प्रोक्रेआस्याँ' एवढे अल्बम आले. यातला एखादा तरी ऐकलेला माणूस मला फार क्वचित भेटतो. रॉकवर भरभरून बोलणारी, पिंक फ्लॉइड आणि जेनेसिस तोंडपाठ असलेली मंडळीही इथे येऊन थांबतात.

हे अल्बम मागे राहिले त्याला भाषा कारण आहे, बाजार कारण आहे आणि थोडी वेळही कारण आहे. संगीताचा कस कमी पडला असं मला कुठेच वाटत नाही. उलट ज्या परिस्थितीने त्यांना बाहेरच्या जगापर्यंत पोचू दिलं नाही, तिच्यातूनच त्यांचा वेगळा आवाज घडला. तो आवाज कसा घडला हे कळलं की ऐकण्यात दुप्पट मजा येते, म्हणून आधी थोडी पूर्वतयारी.

प्रोग म्हणजे नेमकं काय

साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं, ध्रुवपद आणि कडव्यांचं रॉक गाणं अपुरं वाटू लागलं. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातून लांब, अनेक भागांच्या रचना घेतल्या, जॅझमधून उत्स्फूर्त वादन घेतलं, लोकसंगीतातून बासरी आणि अकूस्टिक गिटार आणली. किंग क्रिम्सन, यस, जेनेसिस, जंटल जायंट ही त्या वाटेवरची मोठी नावं.

त्यांना एलपी रेकॉर्डची मोठी मदत झाली. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावतं. मग पूर्ण बाजूभर एकच रचना का असू नये, हा विचार आला आणि रूढ झाला. या काळातल्या इतक्या रचना वीस मिनिटांच्या आसपास का संपतात, याचं उत्तर रेकॉर्डच्या मापात आहे.

दुसरी गोष्ट तालाची. नेहमीचं रॉक गाणं चार मात्रांत चालतं. प्रोगवाले पाचात जातात, सातात जातात, अकरातही जातात. रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा मात्रा हातावर मोजलेल्या आपल्या श्रोत्याला हे फारसं अवघड जाऊ नये. फरक एवढाच की आपल्याकडे एकदा धरलेला ताल त्या बंदिशीत टिकून राहतो, आवर्तन पुन्हा पुन्हा समेवर येतं. प्रोगमध्ये एकाच रचनेत मात्रांची संख्या बदलत जाते, कधी दोन ओळींतच. त्यामुळे सम शोधत बसलं तर पाऊल चुकल्यासारखं होतं. सुरुवातीला धून धरून ठेवावी. दोन-तीनदा ऐकल्यावर मोजणी आपोआप जमते.

तिसरी गोष्ट मेलोट्रॉन. सत्तरच्या दशकातल्या या संगीतात व्हायोलिनचा ताफा वाजतोय असं वाटतं, पण आवाज किंचित थरथरता, धुकट असतो. तो बहुतेक वेळा या वाद्याचा. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक स्वतंत्र तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा एकेक सूर ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप सरकते आणि सूर ऐकू येतो. साधारण आठ सेकंदांत टेप संपते, मग बोट उचलावंच लागतं. या मर्यादेमुळे वादकाला छोट्या श्वासांत विचार करावा लागे, आणि त्यातून त्या आवाजाला एक विलक्षण हळवेपणा आला. ज्यांना खरा वाद्यवृंद परवडत नव्हता अशा बँडसाठी तर हे वाद्य वरदानच होतं.

रेडिओचा नियम

कॅनडाची अडचण भूगोलाची होती. बहुसंख्य लोक अमेरिकेच्या सीमेजवळ राहतात, त्यामुळे रेडिओवर अमेरिकन आणि ब्रिटिश गाणीच वाजत. जानेवारी १९७१ पासून कॅनडाच्या प्रसारण नियामक आयोगाने नियम लागू केला, की एएम रेडिओवरचं किमान ३० टक्के संगीत कॅनडाचं असावं. कॅनडाचं म्हणजे कोणतं, हे ठरवायला चार निकष होते: संगीत कॅनडातल्या माणसाचं, मुख्य कलाकार कॅनडाचा, ध्वनिमुद्रण कॅनडात झालेलं, शब्द कॅनडातल्या माणसाचे. चारांपैकी दोन पुरेसे.

आता वीस मिनिटांची रचना एएम रेडिओवर कोणी वाजवत नव्हतं, हे उघड आहे. तरीही या नियमाचा आडून फायदा झाला असं मला वाटतं. देशात गाणी ध्वनिमुद्रित करणं फायद्याचं ठरू लागलं, स्टुडिओ उभे राहिले, ध्वनिमुद्रक तयार झाले, रेकॉर्ड कंपन्यांना स्थानिक बँडवर पैसे लावायची हिंमत आली. टोरोंटो साउंड या स्टुडिओतच '२११२' ध्वनिमुद्रित झाला. त्याचा निर्माता टेरी ब्राऊन. याच माणसाचं नाव पुढे टोरोंटोच्याच आणखी एका विलक्षण बँडच्या संदर्भात येणार आहे.

क्वेबेकमध्येच एवढं पीक का आलं

१९६० पर्यंत क्वेबेकमध्ये शाळा आणि रुग्णालयं बहुतांशी कॅथलिक चर्चच्या हाती होती आणि मोठे उद्योग इंग्रजी भाषकांच्या. त्या वर्षी जाँ लसाज यांचं सरकार आलं आणि पुढच्या काही वर्षांत प्रांताचा चेहरा बदलला. वीज कंपन्या सरकारी झाल्या, १९६४ मध्ये स्वतंत्र शिक्षण मंत्रालय आलं, १९६७ पासून 'सेजेप' नावाची सरकारी महाविद्यालयं निघाली. या सगळ्याला 'शांत क्रांती' म्हणतात. फ्रेंच बोलणाऱ्या तरुणांना पहिल्यांदाच वाटू लागलं की हा प्रांत आपला आहे आणि तो आपल्या भाषेत चालला पाहिजे. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये रने लेव्हेक यांचा, क्वेबेक कॅनडातून वेगळा करू पाहणारा, स्वातंत्र्यवादी पक्ष निवडून आला. १९७७ मध्ये फ्रेंचला शिक्षणात, व्यापारात आणि कारभारात अग्रस्थान देणारा कायदा झाला.

या वातावरणात संगीताला तीन गोष्टी एकदम मिळाल्या. सेजेपच्या सभागृहांमुळे गावोगावी कार्यक्रमांची साखळी तयार झाली आणि समोर लांब रचना शांतपणे ऐकणारे विद्यार्थी बसले. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संगीत महाविद्यालयातून, म्हणजे कॉन्झर्व्हातोआरमधून, शास्त्रीय शिक्षण घेतलेले वादक बाहेर पडत होते आणि त्यातल्या काहींना रॉक खुणावत होता. क्वेबेकच्या प्रोगमध्ये बासरी, क्लॅरिनेट, झायलोफोन यांची एवढी रेलचेल आहे ती त्यामुळे. आणि तिसरं म्हणजे स्वतःच्या भाषेतली गाणी ऐकायला आतुर असलेला श्रोता. १९७६ च्या जनगणनेत क्वेबेकची लोकसंख्या होती सुमारे ६२ लाख. एवढ्याशा समाजातून इतके बँड निघाले आणि जगले, याचं कारण हा श्रोता.

मॉर्स कोड या बँडची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते 'मॉर्स कोड ट्रान्समिशन' या नावाने इंग्रजीत गात होते. मग नाव आखूड केलं, फ्रेंचमध्ये आले आणि १९७५ चा 'ला मार्श देझॉम', १९७६ चा 'प्रोक्रेआस्याँ' आणि १९७७ चा 'झ स्वी ल ताँ' असे तीन भरघोस अल्बम केले. ऑर्गन आणि मेलोट्रॉनने भरलेलं, नाट्यमय संगीत आहे हे. आज त्यांची आठवण निघते ती या फ्रेंच अल्बमांमुळेच.

हार्मोनियम: ड्रमशिवायचा रॉक

मला एकच बँड निवडायला सांगितला तर मी हार्मोनियम निवडेन. माँट्रियलचे सर्ज फिओरी आणि मिशेल नॉर्मांदो, सोबत बासवर लुई व्हालवा. १९७४ चा पहिला अल्बम साधा आहे, अकूस्टिक गिटारी आणि एकमेकांत मिसळलेले आवाज. त्यातलं 'पूर अँनँस्ताँ' हे गाणं क्वेबेकमध्ये घराघरांत पोचलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. १९७५ च्या दुसऱ्या अल्बमच्या लांबलचक नावाचा अर्थ 'आपल्याला पाचव्या ऋतूची गरज असती तर' असा. लोक त्याला नुसतं 'ले सँक सेझाँ', पाच ऋतू, म्हणतात. पाच गाणी, चार ऋतूंची चार आणि पाचव्या, कल्पनेतल्या ऋतूचं एक. आणि संपूर्ण अल्बममध्ये ड्रम नाहीत. रॉकच्या अल्बममधून ड्रम काढून टाकायचे म्हणजे कणाच काढण्यासारखं. पण इथे ठेका बारा तारांच्या गिटारीच्या छेडण्यातून येतो, बासमधून येतो, पियानोच्या डाव्या हातातून येतो. ड्रम नसल्यामुळे पिएर देन्यो यांची बासरी आणि इतर फुंकवाद्यं, तसंच सर्ज लोका यांचं मेलोट्रॉन यांना मोकळी जागा मिळते.

'व्हेर' हे वसंताचं गाणं बासरीवर उमलतं. 'डिक्सी' हे उन्हाळ्याचं, क्लॅरिनेट आणि पियानोवर नाचणारं, जुन्या जॅझच्या वळणाचं. मग 'दप्वी लोतॉन' येतं, दहा मिनिटांचं शरदाचं गाणं, आणि इथे अल्बमचा रंग बदलतो. मेलोट्रॉनचे ढग दाटतात, फिओरींचा आवाज वर चढतो, शब्दांत क्वेबेकच्या माणसाची घुसमट आणि वाट पाहणं येतं. हे गाणं राजकीय घोषणा देत नाही. तरीही त्या पिढीने ते आपलं मानलं, कारण त्यात आपल्याच घरात अजून पुरतं जागं न झालेल्या माणसाची बेचैनी आहे. त्यानंतरचं 'आँ प्लेन फास' हिवाळ्याचं, अकॉर्डियनचं, थेट काळजाला भिडणारं छोटं गाणं.

पाचवा ऋतू म्हणजे 'इस्त्वार साँ पारोल', शब्दांविना कथा. सतरा मिनिटांची ही रचना आहे. ज्यूडी रिचर्ड्स यांचा आवाज त्यात येतो, पण शब्द नाहीत, नुसता आलापासारखा स्वर. आधीच्या गाण्यांत भाषेला एवढं महत्त्व दिलेल्या बँडने शेवटी भाषाच बाजूला ठेवली. फ्रेंच न येणाऱ्या श्रोत्यासाठी हे उत्तम प्रवेशद्वार आहे. २०१५ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने सर्वोत्तम ५० प्रोग अल्बमांची यादी केली तेव्हा त्यात या अल्बमला जागा मिळाली. इंग्रजी जगाला तिथवर यायला चाळीस वर्षं लागली.

'लेप्ताद'

१९७६ च्या अखेरीस आलेला 'लेप्ताद' हा दोन रेकॉर्डचा अल्बम. नाव सात या आकड्यावरून आहे आणि अल्बममध्ये माणसाच्या जाणिवेच्या सात पातळ्या सात गाण्यांतून येतात. पहिलं गाणं 'कॉम अँ फू', म्हणजे वेड्यासारखा, आणि शेवटचं 'कॉम अँ साज', म्हणजे ज्ञान्यासारखा. या दोन टोकांच्या मधला प्रवास म्हणजे हा अल्बम. सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या जोडांवर नील चोटेम यांनी रचलेलं वाद्यवृंदाचं संगीत आहे. या वेळी ड्रम आले, इलेक्ट्रिक गिटार आली, बँड मोठा झाला.

मला यातलं 'ल कॉरिदोर' सर्वांत जवळचं वाटतं. ते मोनिक फोतो गातात आणि अल्बमच्या मध्यावर अचानक एक वेगळाच, थंड आणि पारदर्शक आवाज उभा राहतो. वाद्यवृंद आणि रॉक यांची सांगड घालताना बरेच बँड फसले, कारण वाद्यवृंद नुसता मागे भरावासारखा वाजत राहिला. चोटेम यांनी तसं होऊ दिलं नाही. त्यांच्या रचना दोन गाण्यांमधल्या शांततेत उलगडतात, आधीच्या गाण्याचा एखादा धागा धरून पुढच्याकडे नेतात. त्यामुळे या अल्बममधलं एखादंच गाणं निवडून ऐकण्यात अर्थ नाही. चारही बाजू सलग ऐकाव्यात.

स्टुडिओतले तीनच अल्बम करून हार्मोनियम थांबला. डिसेंबर २०२० मध्ये माँट्रियलच्या सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांच्या गाण्यांचा वाद्यवृंदासाठी बांधलेला अल्बम आणला. मांडणी सिमॉन लक्लेर यांची, संचालन दिना जिल्बेर यांचं. महामारीच्या हिवाळ्यात तो क्वेबेकमध्ये प्रचंड खपला. सर्ज फिओरी २४ जून २०२५ रोजी गेले. २४ जून हा क्वेबेकचा राष्ट्रीय सण.

बासरी, मारिंबा आणि दोन की-बोर्ड

हार्मोनियम शब्दांचा बँड, तर मानेज जवळजवळ पूर्णपणे वादनाचा. आलँ बर्जरॉन बासरी, सॅक्सोफोन आणि पियानो वाजवत, जेरोम लांगलवा पियानो, क्लॅरिनेट आणि गिटार. दोघांच्या मागे व्हायब्राफोन, झायलोफोन, मारिंबा अशा काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यांचा मोठा ताफा. १९७५ च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच 'ल राफियो' या एकवीस मिनिटांच्या रचनेने होते. ही रचना हळू उभी राहते. पहिली काही मिनिटं चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या शास्त्रीय संगीताच्या, बैठकीसारखी जातात, बासरी आणि क्लॅरिनेट एकमेकांशी बोलतात, आणि रॉक बँड आत कधी शिरला हे चटकन कळत नाही. त्याच वर्षीचा 'ले पोर्श' हा दुसरा अल्बम आणखी घट्ट बांधलेला आहे. त्यातल्या मोठ्या रचनेत कवी-गायक राऊल दुग्वे यांचा आवाजही ऐकू येतो. यानंतर लांगलवा बाहेर पडले, रचना आखूड झाल्या, जॅझचा रंग वाढला. १९७७ चा 'नी व्हाँ... नी नूव्हेल' त्या बदलातला सर्वांत ताजातवाना अल्बम.

स्लॉश क्वेबेक सिटीचे. त्यांच्याकडे रेझाँ याकोला आणि मार्ताँ मरे असे दोन की-बोर्ड वादक होते आणि दोघांची आतषबाजी चाललेली असते. पहिला 'झँनय' १९७५ चा, दुसरा 'स्टाडाकोने' १९७६ चा. आज जिथे क्वेबेक शहर आहे तिथे युरोपीय येण्याआधी इरोक्वॉई भाषा बोलणाऱ्या मूलनिवासींचं स्टाडाकोने हे गाव होतं. १५३५ मध्ये झाक कार्तिए तिथे पोचला. दहा मिनिटांच्या शीर्षक रचनेत जॅझ, फंक आणि प्रोग एकमेकांत असे गुंतलेत की वेगळे काढता येत नाहीत. मानेज ऐकून ज्यांना हे जरा जास्तच सुसंस्कृत वाटेल, त्यांनी 'स्टाडाकोने' लावावा. यात घाम आहे.

मग एकाच अल्बमनंतर विझलेले बँड. पोलनचा १९७६ चा अल्बम जेनेसिस आणि यस आवडणाऱ्यांना लगेच आपलासा वाटेल. ओप्युस सँकचा 'कॉन्त्र-कुरां' बासरी आणि पियानोवर उभा आहे, अधिक नाजूक. आणि एत सेतेरा, ज्यांचा अल्बम मला या तिघांत सर्वांत धाडसी वाटतो. इथे जंटल जायंटचा प्रभाव उघड दिसतो. एकाच वेळी तीन-चार धुना स्वतंत्रपणे चालतात आणि तरी सगळं जुळतं. पाश्चात्त्य संगीतात याला काउंटरपॉइंट म्हणतात. आपल्या कानांना एक मुख्य सुरावट आणि तिच्या मागे साथ, अशी सवय असते, म्हणून पहिल्यांदा इथे गोंधळ वाटतो. एका वेळी एकच आवाज धरावा, तो शेवटपर्यंत पाळावा, मग परत लावून दुसरा धरावा. गायिका मारी बर्नार 'ओंद मार्तनो' हे वाद्यही वाजवत. मोरिस मार्तनो यांनी १९२८ मध्ये लोकांसमोर आणलेल्या या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्यात बोटातली अंगठी तारेबरोबर सरकवून सूर घसरवता येतो. आपल्या मींडेच्या फार जवळ जाणारा आवाज आहे तो.

टोरोंटोकडे

इंग्रजी कॅनडाचं चित्र वेगळं आहे. तिथे गावोगावच्या महाविद्यालयांची ती साखळी नव्हती, भाषेचा लढा नव्हता, आणि अमेरिकेची बाजारपेठ अगदी शेजारी होती. तिथल्या बँडनी विज्ञानकथा आणि नव्या यंत्रांकडे ओढ घेतली.

सिरिंक्स याची सुरुवात. जॉन मिल्स-कॉकेल हे मूग सिंथेसायझर हाताळणाऱ्या कॅनडातल्या पहिल्या वादकांपैकी एक. त्यांच्याबरोबर सॅक्सोफोन आणि तालवाद्यं, गिटार नाहीच. १९७१ च्या 'लाँग लॉस्ट रिलेटिव्ह्ज'मध्ये सिंथेसायझर, तंतुवाद्यवृंद आणि हातांनी वाजवायची तालवाद्यं एकत्र येतात. तेव्हा सिंथेसायझर म्हणजे चमत्कृतीचे आवाज असा समज होता. सिरिंक्सने त्यावर गाता येतील अशा धुना वाजवल्या.

गिटारशिवायचा दुसरा बँड एफएम. सिंथेसायझर आणि बासवर कॅमेरॉन हॉकिन्स, ड्रमवर मार्टिन डेलर, आणि इलेक्ट्रिक व्हायोलिन व मँडोलिनवर नॅश द स्लॅश. त्यांचा 'ब्लॅक नॉइज' १९७७ मध्ये आला तो कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेतर्फे, टपालाने मागवायचा, अवघ्या ५०० प्रती. पुढच्या वर्षी व्यापारी कंपनीने तो काढला तेव्हा त्याला मोठा श्रोता मिळाला. नॅशचं व्हायोलिन गिटारीचं काम करतं, पण त्याला एक कडवट, खरखरीत धार आहे जी गिटारीत सापडत नाही. १९७९ पासून ते चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळून रंगमंचावर येऊ लागले. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पाच्या अपघाताची ती पार्श्वभूमी. मूकपटांना थेट संगीत देण्याचंही त्यांना वेड होतं. ते बँडमधून बाहेर पडल्यावर बेन मिंक आले, ज्यांचं व्हायोलिन पुढे रशच्या १९८२ च्या 'सिग्नल्स' अल्बममध्ये ऐकू येतं.

आणि क्लाटू, ज्यांचा निर्माता तोच टेरी ब्राऊन. १९७६ च्या पहिल्या अल्बमवर त्यांनी ना नावं छापली ना फोटो. फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या एका वृत्तपत्रात लेख आला, की हे गुप्तपणे एकत्र आलेले बीटल्स असू शकतील. अमेरिकेत रेकॉर्ड कंपनीही बीटल्सचीच, कॅपिटॉल. अफवा वणव्यासारखी पसरली, अल्बम खपला, आणि हे टोरोंटोचे जॉन वोलोशुक, डी लाँग आणि टेरी ड्रेपर आहेत हे कळल्यावर लोकांनी त्यांना दोष दिला. दुर्दैवाने त्याच १९७७ मध्ये त्यांचा सर्वोत्तम अल्बम 'होप' आला. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन केलेला हा अल्बम एक कथा सांगतो: अंतराळातले प्रवासी एका उद्ध्वस्त ग्रहावर येतात, तिथे उरलेला शेवटचा रहिवासी जाणाऱ्या-येणाऱ्या यानांना सावध करण्यासाठी दीपगृह चालवतो आहे. चिडलेल्या श्रोत्यांनी तो नीट ऐकलाच नाही. मला ही या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

सागा हे तसं अनोळखी नाव नाही, जर्मनीत तर ते फार लोकप्रिय होते. त्यांनी एका कथेची प्रकरणं वेगवेगळ्या अल्बमांत, उलटसुलट क्रमाने विखुरली, एवढंच इथे नोंदवतो.

मग हे सगळं गेलं कुठे

१९७८ नंतर वारा फिरला. पंकने लांब रचनांची हवा काढून घेतली, डिस्कोने नाचायची जागा घेतली, रेकॉर्ड कंपन्यांना आखूड गाणी हवी झाली. हे जगभर झालं. क्वेबेकमध्ये त्यात आणखी एक भर पडली. २० मे १९८० च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के लोकांनी सार्वभौमत्वाच्या वाटाघाटींना नकार दिला. ज्या सामूहिक अपेक्षेवर ते संगीत वाढलं होतं, ती त्या दिवशी ओसरली. यातल्या बऱ्याच रेकॉर्डच्या नव्या प्रती निघणं बंद झालं आणि त्या जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांपुरत्या उरल्या.

त्या परत आल्या त्या मुख्यतः छोट्या कंपन्यांमुळे. या शतकाच्या सुरुवातीला माँट्रियलमध्ये 'प्रोगकेबेक' नावाच्या कंपनीने मूळ टेप शोधून हे अल्बम सीडीवर आणायला घेतले. सिरिंक्सचं काम २०१६ मध्ये एका अमेरिकन कंपनीने एकत्र करून काढलं. आज यातलं बरंचसं ऑनलाइन ऐकता येतं. शोधताना रोमन लिपीत बँडचं नाव आणि साल घालावं, कारण फ्रेंच नावांचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ बसत नाही.

सुरुवात करायची तर मी 'दप्वी लोतॉन' सुचवेन. ते भावलं तर संपूर्ण 'ले सँक सेझाँ', आणि मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी 'लेप्ताद'. वादन जास्त आवडणाऱ्यांनी 'ल राफियो' आणि 'स्टाडाकोने' पाठोपाठ ऐकावेत, म्हणजे माँट्रियल आणि क्वेबेक सिटी यांच्या स्वभावातला फरक कानाला कळतो. रशवरून इकडे येणाऱ्यांना 'ब्लॅक नॉइज' सोपा जाईल आणि त्यानंतर 'होप'. 'एत सेतेरा' मात्र पहिल्याच दिवशी घेऊ नये. कान थोडा तयार झाल्यावर, हेडफोन लावून, एका वेळी एकच बाजू ऐकावी.